पाडकामाआधीची बातमी

प्रति,
सांगली शहरातील सर्व दैनिकांचे संपादक आणि शहर वार्ताहर

विषय : जुन्या वास्तूंसंबंधीच्या बातम्या पाडकामाआधी देण्याबाबत

स. न. वि. वि.

जुनी सांगली आपल्या पानांवर वर्षातून ठरावीक दिवशी मोठ्या मानाने येते. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाची आठवण निघते, नाट्यमंदिरात गौरवपदक दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर असते. २४ जुलैच्या सुमारास, वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी १९४३ मध्ये तुरुंग फोडून गणेशदुर्ग या इथल्या गढीच्या तटावरून घेतलेल्या उड्यांवर लेख येतो. भाद्रपदात गणपती मंदिराचा इतिहास येतो. कृष्णेला पाणी चढू लागले की १९२९ चा आयर्विन पूल तासातासाला बातमीत असतो, कारण ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हा सगळ्या शहराचा हिशेब त्याच पुलापाशी होतो. हे लिहिणारी माणसे आपल्याकडे आहेत आणि ती मन लावून लिहितात, तेव्हा वृत्तपत्रांना इतिहासाचे सोयरसुतक नाही असा आरोप मी करणार नाही. माझी तक्रार उरलेल्या दिवसांबद्दल आहे. एखादी जुनी वास्तू पाडली जाण्याआधी तिच्यासंबंधीचे कागद नगररचना विभागात, प्रभाग कार्यालयात आणि कुणा अभियंत्याच्या टेबलावर कित्येक महिने फिरत असतात. त्या काळात ती वास्तू आपल्या पानांवर कुठेच नसते. ती येते ती जेसीबी दारात उभा राहिल्यावर, आणि तेव्हा वाचकाने करण्यासारखे काही शिल्लक नसते.

आमच्या गावभागातील एका वाड्याचे उदाहरण देतो. मालकाचे नाव घेत नाही, कारण त्यांनी कायद्याबाहेर जाऊन काही केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रस्त्याच्या बाजूला चिरेबंदी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, दिंडीचा दरवाजा, आत चौक आणि चौकाच्या तिन्ही अंगांना सोपा, असा तो वाडा होता. पाडकामाच्या पहिल्या दिवशी यंत्र आलेच नाही. आधी जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्याच्या माणसांनी दरवाजाची चौकट, तिच्यावरची गणेशपट्टी, सोप्याचे खांब आणि माडीच्या तुळया यांवर खडूने आकडे घातले, एकेक नग दोरखंडाने खाली घेतला आणि सगळे सागवान टेम्पोत भरून नेले. त्यानंतर उरलेली माती उपसायला जेसीबी आला आणि त्याच्या पाठोपाठ वार्ताहर व छायाचित्रकार आले. वाडा काळाच्या पडद्याआड गेल्याचा मथळा दुसऱ्या दिवशी वाचायला मिळाला. पाडण्याची परवानगी कधी मागितली होती, ती कुणाच्या सहीने मिळाली, त्या जागेवर किती मजल्यांचा नकाशा मंजूर झाला आहे आणि खडूचे आकडे घातलेले ते लाकूड कुठे गेले, यांपैकी एकही गोष्ट त्या बातमीत नव्हती. काळाला मात्र त्यात पुरते जबाबदार धरलेले होते.

यातला विचित्र भाग असा की अनेकदा यातले महत्त्वाचे कागद आपल्याच अंकात छापलेले असतात. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, एखाद्या जागेचे आरक्षण बदलायचे असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती व सूचना मागवणारी नोटीस स्थानिक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी लागते. ती आपल्याकडे येते आणि प्रसिद्धही होते. आतल्या पानावर, नावात बदल केल्याच्या आणि गुणपत्रक हरवल्याच्या जाहिरातींना खेटून, भिंगाशिवाय लागत नाही अशा बारीक अक्षरात, सिटी सर्व्हे क्रमांक आणि चौरस मीटरच्या भाषेत ती छापलेली असते. अमुक सिटी सर्व्हे क्रमांक म्हणजे कुठला चौक आणि कुठली आळी, हे भूमी अभिलेख कार्यालयाशी रोजचा संबंध असलेल्या माणसालाच समजते. जाहिरात विभागाने नोटीस घेतली, तिचे पैसे आले, कायद्याची अट पूर्ण झाली, आणि ज्यांच्यासाठी ती अट घातली होती त्यांना पत्ता लागला नाही. त्याच दिवशी शहर पानावर चार ओळी आल्या, की आतली नोटीस अमुक मंदिरामागच्या अमुक जागेची असून हरकतीची मुदत अमुक तारखेला संपते, तर किती फरक पडेल याचा अंदाज आपणास माझ्यापेक्षा चांगला असणार. त्यासाठी संपादकीय विभागातील एकाने आपल्याच वृत्तपत्रातील जाहिराती वाचल्या पाहिजेत, एवढीच अडचण आहे.

दुसरा रस्ता धोकादायक इमारतींचा. जुन्या वस्तीत तोच अधिक वापरात आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या इमारतीला नोटीस देता येते, आणि कलम २६५ (अ) प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. ऑडिटनंतर इमारतीला वर्ग मिळतो : सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२ ब म्हणजे माणसे न हलवता दुरुस्त करण्याची आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. पावसाळा तोंडावर आला की शहरात इतक्या इमारती धोकादायक असल्याची बातमी आपण देता. तीत एकूण आकडा असतो. कुठली इमारत कुठल्या वर्गात आहे, ऑडिट कुणी करवून घेतले आणि कुणी केले, हे बहुधा नसते. वास्तविक बातमी तिथेच आहे. जिथे तीन पिढ्यांचे भाडेकरू नाममात्र भाड्यात राहतात आणि जागेला आता सोन्याचा भाव आला आहे, तिथे सी-१ चा शिक्का इमारत पाडण्याच्या कामी येतो तसा भाडेकरू उठवण्याच्याही कामी येऊ शकतो, हे राज्यातल्या कुठल्याही शहरातील दिवाणी वकील सांगेल. याच्या उलट, एखादी भिंत खरोखरच बसायला आलेली असते आणि तिच्याखालून पोरे शाळेत जात असतात. कुठले प्रकरण कुठल्या जातीचे, हे रस्त्यावरून कळत नाही. अहवाल मिळवून वाचावा लागतो. मातीची भिंत आणि लाकडी सांगाडा असलेल्या इमारतीचे ऑडिट काँक्रीटच्या इमारतीसारखेच उरकले गेले काय, आणि ते करणाऱ्याला चुन्याच्या व लाकडाच्या जुन्या कामाची काही माहिती होती काय, एवढे दोन प्रश्न जरी दर वेळी विचारले गेले तरी पुष्कळ अहवाल अधिक काळजीने लिहिले जातील.

मालकांना खलनायक ठरवावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. २००५ नंतर २०१९ आणि २०२१ असे पुरावर पूर या शहराने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा जुन्या सांगलीतल्या ज्या घरांत पाणी बसून राहिले त्यांचे पुढे काय झाले हे शेजाऱ्यांनाच माहीत आहे. मातीची भिंत पाण्यात असेपर्यंत उभी दिसते. पाणी ओसरून ऊन पडू लागले आणि ती वाळू लागली की पोट काढते, आणि एखाद्या रात्री खाली बसते. पंचनाम्याला पडझड दिसावी लागते. पोट काढलेल्या भिंतीचे नुकसान कागदावर मांडणे अवघड असते. त्यातून मिळकत पत्रिकेवर चुलत भावंडांची डझनभर नावे, त्यांतली निम्मी पुण्या-मुंबईला. अशा घराला बँक सहसा कर्ज देत नाही, आणि चुन्यात काम करणारा गवंडी मिळाला तरी त्याची मजुरी परवडत नाही. अशा मालकाला वारसा जपण्याचा उपदेश करणारे आपले रविवारचे लेख त्याच्या घरात कुणी शेवटपर्यंत वाचत असेल असे मला वाटत नाही. सगळेच वाडे राहावेत असेही माझे मत नाही. काही वाडे अंधारे होते, ओलीने कुबट झालेले होते, विहिरीवरून माजघरापर्यंत पाणी वाहता वाहता तिथल्या बायकांचे आयुष्य सरले होते. ते गेले म्हणून मला हळहळ वाटत नाही.

मात्र कुठली वास्तू ठेवायची आणि कुठली जाऊ द्यायची, हे एकट्या मालकाने किंवा एकट्या बिल्डरने ठरवू नये यासाठी नियम आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, त्यांच्या श्रेणी आणि वारसा संवर्धन समिती यांची तरतूद आहे. यादीतल्या वास्तूच्या मालकाला जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआरचा, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा, मार्गही आहे. ही दुसरी बाजू मालकांच्या कानावर फारशी गेलेली नाही. वारसा यादीत नाव लागले म्हणजे घराला कायमचे कुलूप लागले, अशी समजूत पसरलेली आहे आणि ज्यांना यादीच नको आहे त्यांच्या ती पथ्यावर पडते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली; तिच्या हद्दीतील वारसा यादी आज कुठल्या टप्प्यावर आहे, तीत कुठल्या वास्तू आहेत, समितीवर कोण आहेत आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे चार प्रश्न आपण आयुक्तांना लेखी विचारावेत आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे छापावे. उत्तर आलेच नाही तर तेही छापावे.

खासगी वाड्यांतली भाऊबंदकी आणि भाडेकरूंचा गुंता गणेशदुर्गातल्या शासकीय जागांना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणरावांनी सांगलीला राजधानी केली, तेव्हाची ही गढी. राजवाडा, कचेऱ्या, तुरुंग सगळे एका तटात होते, आणि संस्थान विलीन झाल्यावरही सरकारी कामासाठी जिल्ह्यातला माणूस तिथेच येत राहिला. आता जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेले आहे, आणि कारागृह शहराबाहेर हलवण्याची चर्चाही अधूनमधून होते. शहराच्या ऐन मध्यावर सरकारी जागा रिकामी होऊ लागली की तिच्यावर वाहनतळ, व्यापारी संकुल, बहुउद्देशीय सभागृह अशा कल्पना सुचू लागतात. त्या सुचवणारे पुढारी वाईट हेतूचे असतात असे नाही. मारुती चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही हे मलाही रोज दिसते. पण अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव १९४३ च्या ज्या प्रसंगात मारले गेले, त्या प्रसंगाची जागा कुणाच्या ताब्यात राहणार, तिथले कुठले बांधकाम हात न लावता ठेवायचे आणि ते कागदावर कुणी लिहून दिले आहे, हे हलवाहलवीच्या आधी ठरायला हवे. दरवर्षी जुलैमध्ये तटाखाली उभे राहून जे भाषण करतात, त्यांना तिथेच हे विचारता येईल. भाषण टिपून घ्यायला आलेला वार्ताहर समोरच असतो.

आता हरिपूरच्या पेवांबद्दल, कारण हा विषय कुठल्याच यादीत बसत नाही. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या संगमेश्वराच्या गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणत. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि आत रुंद होत गेलेली खोल पोकळी. तळाला आणि कडेने पाचट-गवताचे अस्तर, त्यात हळद, तोंडावर फरशी आणि फरशीवर माती लिंपून बंद. तिथली माती घट्ट, आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडले की लगेच कुणी आत उतरायचे नाही, हा पहिला नियम; कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची, दिवा सोडून पाहायचा, तो विझला नाही तर मग हमालाने उतरायचे. बाजारपेठेत भाव पडला की व्यापारी माल पेवात ठेवून थांबू शकत असे, आणि सांगलीच्या हळद बाजाराचा दबदबा वाढण्यात या थांबण्याच्या ताकदीचा मोठा वाटा होता. २००५ च्या पुराचे पाणी पेवांत शिरले, पुढे २०१९ ला पुन्हा शिरले, व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला, आणि पेवे मुरूम टाकून बुजवली जाऊ लागली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण त्याची बातमी ठळकपणे दिली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये मिळाले तेव्हाही दिली. ज्या जागेत ती हळद टिकवली जात होती तिला मात्र दाद मागायला दार नाही. पेव ही इमारत नाही, म्हणून वारसा वास्तू नाही. हरिपूर ग्रामपंचायतीत आहे, म्हणून महापालिकेचा विषय नाही. सातबारा पाहून तिथे पेव आहे की मोकळे रान, हे कळत नाही. निदान शाबूत असलेली चार-दोन पेवे तोंडाच्या फरशीसह राखून ठेवावीत, असे ग्रामपंचायतीला, बाजार समितीला आणि पुरातत्त्व विभागाला एकाच बातमीत एकदम विचारले गेले, तर त्यांतले कुणी तरी बोलेल. आज प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते, कारण तिघांना एकत्र कुणी विचारतच नाही.

राजकारणाबद्दल थोडे. २०१८ मध्ये निवडून आलेल्या महापालिका सभागृहाची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ठराव करणारा आणि तो अमलात आणणारा एकच झाला, आणि जे काही कळायचे ते आपल्याच पानांतून कळत राहिले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने नगरसेवक परत आणले. आता पुन्हा महासभा, पुन्हा उपसूचना, पुन्हा ‘ऐनवेळचे विषय’. आपल्याकडच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत अवघड विषय विषयपत्रिकेत न घालता ऐनवेळी आणण्याची आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत त्याचा गवगवा न होऊ देण्याची रीत जुनी आहे. कुणी कुणाला काय टोमणा मारला, कोण सभात्याग करून गेले, यावर महासभेची बातमी आटोपली की ऐनवेळचे विषय सुखरूप पार पडतात. रस्तारुंदीचा, आरक्षण उठवण्याचा किंवा जुन्या मंडईच्या जागेचा ठराव असेल, तर सूचक कोण, अनुमोदक कोण आणि विरोधात कुणी हात वर केला, हे नावानिशी आले पाहिजे. त्या नावांच्या लोकांचे वाढदिवस आपण पान-पान भरून छापता, तेव्हा त्यांची नावे आपणास ठाऊक आहेत.

जाहिरातींचा विषय निघाला म्हणून तेही स्पष्ट लिहितो. वर्गणीच्या पैशांत कागद, छपाई आणि पगार भागत नाहीत, हे वाचकालाही कळते. गृहप्रकल्पांच्या जाहिराती बंद कराव्यात अशी माझी मागणी नाही. प्रकल्पाच्या जागी आधी काय उभे होते आणि ते कुठल्या परवानगीने उतरवले गेले, एवढे लिहिल्याने जाहिरातदार जाईल ही भीती प्रत्यक्षाहून मोठी आहे, असे माझे मत आहे. या भागातल्या संपादकांनी याहून फार मोठ्या जोखमी घेतल्या आहेत. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपुरातून निघणाऱ्या ‘प्रतोद’च्या संपादकाला १८९७ साली राजद्रोहाच्या कलमाखाली शिक्षा झाली. १८७२ मध्ये सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’चे संपादक झाले, पुढे ‘नवाकाळ’ काढला आणि राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास भोगला. त्यांच्या जयंतीला आपण त्यांचे नाटककार म्हणून स्मरण करता; संपादक म्हणून केले तर ते अधिक अडचणीचे ठरेल, म्हणून की काय कोण जाणे.

मागणी थोडक्यात मांडतो. महासभा आणि स्थायी समितीची विषयपत्रिका निघेल त्या दिवशी, जुन्या वास्तू, आरक्षणे, रस्तारुंदी आणि सरकारी जागा यांबाबतचे विषय ओळखू येतील अशा पत्त्यासह छापावेत. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार असे कागद संस्थेने आपण होऊन खुले करणे अपेक्षितच आहे, तेव्हा कुणाची मेहेरबानी लागू नये. धोकादायक इमारतींची यादी वर्गवारीसह द्यावी. हरकतीच्या मुदतीची तारीख मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा द्यावी. आणि हे काम एखाद्या हौशी लेखकावर न सोपवता महापालिकेची बातमीदारी करणाऱ्या वार्ताहराकडेच द्यावे, कारण फाईल कुठल्या टेबलावर अडली आहे हे त्यालाच माहीत असते.

हे पत्र छापताना जागेअभावी काही गाळावे लागले तर जरूर गाळावे. वारसा यादीबद्दलचे चार प्रश्न आणि गणेशदुर्गाचा परिच्छेद तेवढा ठेवावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
गावभागातील एक वर्गणीदार